ऐकणाऱ्याचं मत : पिंक फ्लॉइडच्या अल्बमांविषयी

१९७० च्या ऑक्टोबरात ‘अ‍ॅटम हार्ट मदर’ हा अल्बम इंग्लंडात आला आणि तिथल्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. पिंक फ्लॉइडला हा मान तोवर मिळाला नव्हता. मुखपृष्ठावर कुरणात उभी असलेली एक गाय, मान वळवून आपल्याकडे बघणारी. बँडचं नाव नाही, अल्बमचंही नाही. आत अख्खी पहिली बाजू एकाच रचनेला दिलेली : पितळी वाद्यं, चेलो, समूहगान आणि या सगळ्याच्या मधून वाट काढणारा चौघांचा बँड. पुढे रॉजर वॉटर्स आणि डेव्हिड गिलमर या दोघांनीही या अल्बमला मनसोक्त नावं ठेवली. ज्यांचं आपसांत जवळपास कशावरच पटत नाही अशा या दोन गृहस्थांचं ज्या मोजक्या गोष्टींवर एकमत आहे, त्यांतली ही एक.

मला तो अल्बम आवडतो. पहिली बाजू मधेच रेंगाळते हे खरं, आणि गायकवृंद निरर्थक अक्षरं पुटपुटत बसतो तो भाग मीही घड्याळाकडे बघत ऐकतो. पण दुसऱ्या बाजूवर रिक राइटचं ‘समर सिक्स्टी-एट’ आहे. दौऱ्यावरच्या एका रात्रीच्या ओळखीबद्दलचं ते गाणं आधी साध्या पियानोवर सुरू होतं आणि मग अचानक पितळी वाद्यांचा ताफा घेऊन अंगावर येतं. बनवणाऱ्यांना नकोसं झालं म्हणून ते मीही टाकून द्यावं, हे मला पटत नाही. अल्बम दुकानात आला की बनवणाऱ्याचं मत हे बऱ्याच मतांतलं एक होऊन जातं. जाणकाराचं, जवळच्याचं, पण एक.

हे पुस्तक अशाच मतांचं आहे. पिंक फ्लॉइडचे १९६७ ते २०१४ या काळात आलेले १५ स्टुडिओ अल्बम, आणि ते वर्षानुवर्षं ऐकत आलेल्या एका माणसाला त्यांच्याविषयी काय वाटतं ते. मला गिटार वाजवता येत नाही, संगीत-समीक्षा हा माझा व्यवसाय नाही. मात्र ऐकणाऱ्यानं धीटपणे लिहावं याला मराठीत चांगली परंपरा आहे. केशवराव भोळ्यांनी लिहिलं. पेशानं चार्टर्ड अकाउंटंट असलेल्या वामनराव देशपांड्यांचं ‘घरंदाज गायकी’ १९६१ साली आलं. त्यांची तालीम आणि त्यांचा अधिकार माझ्याकडे नाही, पण त्यांनी पाडलेला पायंडा आहे : कोणता गवय्या का आवडतो आणि का नाही हे कारणांसकट सांगायचं, मग ज्याला भांडायचं असेल त्यानं भांडावं. ख्यालाबद्दल असं भांडण आपण पिढ्यानपिढ्या करत आलो. रॉकबद्दल मराठीत जे छापून येतं ते बहुधा कुणी वारल्यावर नाहीतर एखाद्या अल्बमची पन्नाशी भरल्यावर, आणि अशा प्रसंगी कुणी वाईट बोलत नाही.

ज्यांनी हा बँड ऐकलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. १९६५ साली लंडनमध्ये हा बँड उभा राहिला. वॉटर्स, पियानो-ऑर्गन वाजवणारा राइट आणि ड्रमर निक मेसन हे तिघं रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये वास्तुशास्त्र शिकताना भेटले. चौथा सिड बॅरेट, वॉटर्ससारखाच केंब्रिजचा, चित्रकलेचा विद्यार्थी. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांची नावं जोडून बॅरेटनं बँडचं बारसं केलं. वास्तुशास्त्राची ती दोन-तीन वर्षं फुकट गेली असं मला वाटत नाही. ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ ही १२ मिनिटांची रचना करताना वॉटर्स आणि मेसन यांनी सुरावट लिहिण्याऐवजी कागदावर चढउतारांची आकृती काढली होती. फ्लॉइडचं संगीत ऐकताना आपण कुठेतरी आत शिरलो आहोत, छत उंच आहे, आवाज लांबून परत येतो आहे, असं जे वाटत राहतं त्याचं मूळ इथे आहे.

त्या काळात इंग्लंडात ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ नावाचं जे पीक आलं त्यात यांचीही गणना होते. येस, किंग क्रिम्सन, जेनेसिस ही त्यातली बाकीची मोठी नावं. पण त्या मंडळींची बोटं विलक्षण वेगानं चालायची, ताल मिनिटामिनिटाला बदलायचे, आणि वादनातली करामत दाखवायचा सोस होता. फ्लॉइडमध्ये तसा एकही करामती वादक नव्हता. मेसनचे ड्रम्स संथ, वॉटर्सचं बेस गिटार सरळसोट, गिलमरच्या गिटारमध्ये सूर थोडे आणि प्रत्येक सुराला पुरेशी जागा. बडा ख्याल ऐकणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला ‘एकोज’ची २३ मिनिटं जड जात नाहीत, हा माझा अनुभव आहे. पहिली पाच मिनिटं काहीच घडत नाही अशी तक्रार तो करत नाही, कारण काय घडतं आहे ते त्याच्या कानाला कळतं.

आणि अल्बम म्हणजे काय, हेही सांगायला हवं, कारण नव्या पिढीच्या फोनमध्ये गाणी सुटी असतात. एलपीची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची. एवढ्या अवधीत एक सलग गोष्ट सांगायची, मग ऐकणारा उठून तबकडी उलटतो, त्या मोकळ्या अर्ध्या मिनिटाचाही उपयोग करून घ्यायचा, आणि दुसरी गोष्ट सुरू करायची. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत रॉकचा कारभार तीन मिनिटांच्या सिंगलवर चालायचा. फ्लॉइडनंही १९६७ मध्ये ‘अर्नल्ड लेन’ आणि ‘सी एमिली प्ले’ अशा दोन झकास सिंगल्स काढल्या. पण १९६८ च्या डिसेंबरनंतर थेट १९७९ च्या नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ ११ वर्षं, त्यांनी इंग्लंडात एकही सिंगल काढली नाही. त्यांचं खरं मोठेपण याच ११ वर्षांतलं आहे. त्यांच्याविषयी मत द्यायचं तर ते अल्बमनुसारच द्यावं लागतं, गाण्यागणिक देता येत नाही.

त्यांचा प्रवास ढोबळमानानं चार मुक्कामांचा आहे.

पहिला मुक्काम बॅरेटचा. टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या यूएफओ क्लबात रंगीत तेलांच्या ओघळांचे प्रकाशझोत अंगावर घेत हे चौघं वाजवत. ‘द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन’ १९६७ च्या ऑगस्टमध्ये आला. त्याचं ध्वनिमुद्रण अ‍ॅबी रोडवर चालू असताना त्याच इमारतीत बीटल्स ‘सार्जंट पेपर’ करत होते. नाव केनेथ ग्रॅहमच्या ‘द विंड इन द विलोज’मधल्या एका प्रकरणाचं, आणि आतलं जगही तसंच : बुटके, सायकली, मांजरं, बुजगावणी, आणि मधेच ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’सारखा दहा मिनिटांचा थयथयाट. वर्ष सरेपर्यंत बॅरेटचं मन ठिकाणावर राहिलं नाही. त्याला एलएसडीची साथ होती. १९६८ च्या जानेवारीत गिलमरला घेतलं आणि थोड्याच आठवड्यांत बॅरेट बाहेर पडला. पुढचा सगळा इतिहास या एका माणसाच्या रिकाम्या जागेभोवती फिरतो.

दुसरा मुक्काम चाचपडण्याचा, १९६८ ते १९७२. गाणी लिहिणारा गेला, आता करायचं काय? बार्बे श्रोडरच्या चित्रपटांना संगीत दिलं, ‘उमागुमा’त प्रत्येकानं अर्धी-अर्धी बाजू वाटून घेतली (आणि चौघांनी वेगवेगळं केलेलं काही फारसं ऐकवत नाही हे सिद्ध केलं), गायीचा अल्बम केला. ‘मेडल’ करायला १९७१ च्या सुरुवातीला स्टुडिओत शिरले तेव्हा हाती काहीच नव्हतं. सुचतील ते तुकडे ध्वनिमुद्रित केले आणि त्यांना ‘नथिंग’ अशी नावं देऊन क्रमांक घातले. त्या ‘काही नाही’मधून ‘एकोज’ निघालं.

तिसरा मुक्काम सगळ्या जगाला ठाऊक असलेला : १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’, १९७५ चा ‘विश यू वेअर हिअर’, १९७७ चा ‘अ‍ॅनिमल्स’, १९७९ चा ‘द वॉल’. ‘डार्क साइड’ स्टुडिओत जाण्याआधी काही महिने त्यांनी मंचावर वाजवून घोटला होता, हे आजच्या काळात कुणाला खरं वाटणार नाही. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तो १९७३ ते १९८८ या वर्षांत ७४१ आठवडे होता. ‘अ‍ॅनिमल्स’च्या वेळी बॅटर्सी वीजकेंद्राच्या धुराड्यांमध्ये हेलियमनं भरलेलं अवाढव्य डुक्कर तरंगत ठेवलं, दुसऱ्या दिवशी ते दोर तोडून उडालं ते केंटमधल्या एका शेतात उतरलं. त्याच सुमाराला पंक आलं, त्यातला गायक जॉनी रॉटन फ्लॉइडच्या नावाच्या टी-शर्टवर वर आपल्या हातानं ‘आय हेट’ लिहून हिंडत होता. गंमत अशी की त्या साली फ्लॉइडनं काढलेला अल्बम पंकच्या कुठल्याही तबकडीइतकाच कडवट होता, फक्त गाणी १७ मिनिटांपर्यंत लांब होती. जुलै १९७७ मध्ये मॉन्ट्रियलच्या स्टेडियममध्ये वॉटर्स एका गोंगाट करणाऱ्या प्रेक्षकावर थुंकला, स्वतःच हादरला, आणि कलावंत व प्रेक्षक यांच्यामध्ये भिंत बांधायची कल्पना त्याच्या डोक्यात शिरली. ‘द वॉल’च्या मैफलींत ती भिंत मंचावर खरोखर बांधली जायची.

चौथा मुक्काम कोर्टकचेऱ्यांचा आणि निवृत्तीचा. अँझिओच्या लढाईत १९४४ साली मारल्या गेलेल्या वडिलांचं दुःख आणि फॉकलंडच्या युद्धाचा संताप घेऊन वॉटर्सनं १९८३ मध्ये ‘द फायनल कट’ केला. मग तो बाहेर पडला, बँड संपला असं जाहीर केलं, बाकीच्यांनी मानलं नाही. गिलमरच्या पुढारपणाखाली १९८७ आणि १९९४ मध्ये दोन अल्बम आले. २००५ च्या जुलैत लंडनच्या हाइड पार्कात चौघं एकदाच, लाइव्ह एट या मैफलीसाठी, एकत्र उभे राहिले. पुढच्या वर्षी बॅरेट गेला, २००८ मध्ये राइट. २०१४ चा ‘दि एंडलेस रिव्हर’ हा राइटच्या जुन्या फितींवरून जुळवलेला शेवटचा अल्बम.

इतकी वळणं असल्यावर ऐकणाऱ्यांत घराणी पडणार हे उघडच आहे. आणि घराणी म्हटली की अभिमानही आला, पलीकडच्याला कमी लेखणंही आलं.

बॅरेट घराण्याच्या मते खरा बँड १९६८ च्या जानेवारीत संपला, पुढचं सगळं पैसेवाल्यांचं मनोरंजन. डेव्हिड बोवीनं १९७३ मध्ये ‘सी एमिली प्ले’ पुन्हा गायलं, त्याचा हे लोक दाखला देतात. वॉटर्स घराण्याला शब्द महत्त्वाचे : युद्ध, शाळा, सत्ता, वेड. त्यांच्या लेखी ‘द वॉल’ आणि ‘फायनल कट’ ही शिखरं, आणि वॉटर्सवाचून जे झालं ते नकली. गिलमर घराणं सूर मोजतं. त्यांना ‘कम्फर्टेबली नम’मधली गिटारची दुसरी फेरी पुरते, शब्द कुणी लिहिले याची ते फिकीर करत नाहीत. या दोन घराण्यांतलं वैर मालकांपेक्षा नोकरांत जास्त असतं तसं आहे. चौथं घराणं लहान पण चिवट, १९६८ ते १९७२ च्या चाचपडण्यावर प्रेम करणारं. निक मेसननं २०१८ मध्ये खास त्या आणि त्याआधीच्या काळातली गाणी वाजवायला वेगळा बँड काढला, तेव्हापासून या मंडळींची कॉलर ताठ झाली आहे. उरलेले कोट्यवधी लोक ‘डार्क साइड’ आणि ‘द वॉल’ ऐकतात, त्रिकोणी लोलकाचा टी-शर्ट घालतात आणि या भांडणाकडे ढुंकूनही बघत नाहीत. तेच बहुधा सुखी असावेत.

मी यांपैकी कुठल्याच घराण्याचा गंडा बांधलेला नाही. माझं म्हणणं वेगळं आहे, आणि सगळं पुस्तक त्याच्यावर उभं आहे : फ्लॉइडचा कुठलाही अल्बम पारखायचा तर रिक राइट त्यात काय करतो आहे ते ऐकावं. चौघांत सर्वांत कमी बोलणारा, मुलाखतींत मागे बसणारा, भांडणात हरणारा हा माणूस. तो मोकळेपणानं वाजवत असतो तेव्हा बँडमध्ये कुणाचीच एकट्याची सत्ता नसते. तो दबला की कुणीतरी मालक झालेला असतो.

पुरावा म्हणून ‘एकोज’ची सुरुवात घ्या. पियानोचा एक उंच सूर, एकच. राइट तो वाजवतो, तो सूर लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून जातो आणि पाण्याखालून पाणबुडीनं साद घातल्यासारखा बाहेर येतो. पुन्हा तोच सूर. मग त्याच्या आजूबाजूला थोडे आणखी. गिलमरची गिटार आत येते ती दार ठोठावून, पियानोला धक्का न लावता. गिलमर आणि राइट दोघं मिळून गातात, आणि दोन आवाज इतके लगटून जातात की कुठला कुणाचा ते सांगता येऊ नये. मधे सगळं मोडून पडतं, पक्ष्यांच्या किंकाळ्यांसारखे आवाज येतात (गिलमरच्या गिटारचं पेडल उलटं जोडलं गेलं होतं, त्याची ही करणी), वारा, कावळे. आणि त्या ओसाडीतून तोच पियानोचा सूर परत येतो. त्याच्याखाली ऑर्गन हळूहळू भरत जातं. इथे कुणी एकटा नायक नाही. चौघं एकमेकांना ऐकत आहेत, आणि ते ऐकणं आपल्याला ऐकू येतं.

‘डार्क साइड’मध्ये वॉटर्सचे शब्द आहेत, पण ज्या हवेत ते शब्द तरंगतात ती राइटची. ‘ब्रीद’मधली एक स्वरसंगती त्यानं माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’वरून उचलली, असं तो स्वतः सांगायचा. ‘अस अँड देम’ची पियानोची चाल त्यानं आधी अँटोनिओनीच्या ‘झब्रिस्की पॉइंट’साठी केली होती, दिग्दर्शकानं ती नाकारली. बरं झालं. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ हे सगळं त्याच्या पियानोवर उभं आहे, आणि त्यावर क्लेअर टोरी एकही शब्द न उच्चारता गाते. एका रविवारी बोलावून तिला त्या कामाचे ३० पौंड दिले होते. २००५ मध्ये तडजोड झाली आणि राइटच्या बरोबरीनं रचनाकार म्हणून तिचं नाव लागलं. ‘मनी’बद्दल आपल्याकडचे लोक सात मात्रांचं कौतुक करतात. रूपकात मोजायला बसलात तर वाटणी जुळणार नाही, पण सातावर आवर्तन पडताना मान आपोआप हलते. आणि गिटारची फेरी सुरू झाली की ताल गुपचूप चारावर येतो, कारण सातात तेवढा वेळ गिटार वाजवणं सोपं नव्हतं.

‘विश यू वेअर हिअर’च्या वेळची घटना फ्लॉइडप्रेमींना पाठ असते : ५ जून १९७५ ला अ‍ॅबी रोडवर एक जाडजूड, भुवया काढलेला माणूस येऊन बसला आणि बराच वेळ कुणालाच कळेना की हा सिड बॅरेट आहे. त्याच्यावरच रचलेल्या ‘शाइन ऑन’चं काम तेव्हा चालू होतं. या योगायोगावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. मी भर घालत नाही. मला जास्त मोलाची वाटते ती त्याच रचनेची अखेर. शेवटचा भाग एकट्या राइटचा आहे, आणि आवाज विरत जाताना तो सिंथेसायझरवर हलकेच ‘सी एमिली प्ले’ची ओळ वाजवून जातो. बॅरेटच्या नावानं वॉटर्सनं जेवढे शब्द लिहिले त्या सगळ्यांपेक्षा मला हे चार-सहा सूर जवळचे वाटतात.

आता माझ्या मताला अडचणीचा अल्बम : ‘अ‍ॅनिमल्स’. यात रचनाकार म्हणून राइटचं नाव कुठेच नाही; तसं यापूर्वी कधी झालं नव्हतं. तरीही हा अल्बम मला ‘द वॉल’हून सरस वाटतो. मग? ‘शीप’ची सुरुवात ऐका. कुरणावर सकाळ व्हावी तसा इलेक्ट्रिक पियानो, जॅझच्या अंगानं, कुठे घाई नाही. तो राइटचा आहे, आणि गाण्याखाली नाव एकट्या वॉटर्सचं. म्हणजे राइट अजून खोलीत होता, फक्त दारावरची पाटी गेली होती. ‘द वॉल’च्या मुद्रणाच्या काळात वॉटर्सनं त्याला बँडमधून काढलंच आणि मैफलींसाठी पगारी वादक म्हणून ठेवलं. त्या मैफलींत भिंतीचा खर्च इतका झाला की मालक तोट्यात गेले आणि पगारदार राइट तेवढा फायद्यात राहिला. नियतीला विनोदबुद्धी असते. ‘फायनल कट’वर तो नाहीच. शब्द अव्वल, राग खरा, ‘द गनर्स ड्रीम’ ऐकताना गळा दाटतो; पण खिडकी बंद असलेल्या खोलीत कुणीतरी ४० मिनिटं कानाशी बोलत राहावं तसा तो अल्बम मला वाटतो. वॉटर्स घराण्याला हे रुचणार नाही. त्यांच्यासाठी त्या प्रकरणात मी बरीच पानं खर्च केली आहेत.

आपल्याकडे हे संगीत कसं पोचलं, यावर वेगळं पुस्तक व्हायला हवं. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियानं काढलेल्या एलपी होत्या, काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस होतं (ते २०१६ मध्ये बंद झालं), पण खरा प्रसार झाला तो कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेण्यातून, मुख्यतः अभियांत्रिकीच्या वसतिगृहांत. यात एक तांत्रिक योगायोग होता. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. ‘डार्क साइड’ ४३ मिनिटांचा, ‘विश यू वेअर हिअर’ ४४. एकेका बाजूला एकेक अल्बम चपखल बसायचा. त्यामुळे आमच्या पिढीतल्या कित्येकांच्या डोक्यात हे दोन अल्बम म्हणजे एकाच वस्तूच्या दोन बाजू आहेत. ‘ग्रेट गिग’ संपल्यावर मूळ एलपी उलटावी लागते. कॅसेटवर तिथे फक्त कुणीतरी सुई उचलून ठेवल्याची खरखर यायची आणि लगेच ‘मनी’तली नाणी खणखणायची. पुढे २००७ मध्ये वॉटर्स मुंबईत येऊन ‘डार्क साइड’ सलग वाजवून गेला, तेव्हा त्या गर्दीतल्या अनेकांना त्या खरखरीवाचून चुकल्यासारखं वाटलं असणार.

हे पुस्तक आताच का? कारण अल्बम या गोष्टीचाच पाया हलतो आहे. एक तर फोनवरचं यंत्र ‘टाइम’नंतर कुठलंही गाणं लावतं, त्याला ‘ग्रेट गिग’ची वाट पाहणारा माणूस कळत नाही. दुसरं, खुद्द बनवणारेच जुने अल्बम पुन्हा घडवायला बसले आहेत. ‘अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन’वर १९८७ मध्ये राइटचं नाव पाहुण्या वादकांच्या घोळक्यात होतं. २०१९ मध्ये तो अल्बम नव्यानं सादर केला तेव्हा त्यात मेसनचे नवे ड्रम्स आणि राइटचं मैफलींतलं जुनं वादन आणून बसवलं. माझ्या बाजूनं याहून भक्कम साक्ष मी मागितली नसती, पण ऐकायला पूर्वीपेक्षा बरा वाटणारा हा अल्बम नेमका कुठल्या सालचा म्हणायचा? ‘अ‍ॅनिमल्स’चं २०१८ मध्ये तयार झालेलं नवं मिश्रण सोबतच्या मजकुरावरून वाद पेटल्यामुळे २०२२ मध्ये बाहेर आलं. २०२३ मध्ये वॉटर्सनं एकट्यानं ‘डार्क साइड’ पुन्हा केला, गिटारच्या फेऱ्या काढून त्या जागी स्वतःचं बोलणं घातलं. २०२४ मध्ये सोनीनं बँडचा ध्वनिमुद्रणांचा खजिना विकत घेतला. बातम्यांत आकडा सुमारे ४० कोटी डॉलरचा होता. आता आणखी आवृत्त्या येतील, आणि प्रत्येक जण आपलीच खरी म्हणेल. अशा वेळी ऐकणाऱ्यानं आपण काय ऐकलं ते टिपून ठेवावं, असं मला वाटलं.

पुस्तकात काय आहे आणि काय नाही ते थोडक्यात. तारांकित गुण नाहीत, क्रमवारी नाही. अल्बम सालाप्रमाणे घेतलेले नाहीत. ‘मेडल’पासून निघून मी आधी पुढे आणि मग मागे गेलो आहे, कारण बॅरेटचं मोल मला तो गेल्यानंतरचे अल्बम ऐकल्यावरच कळलं. गाण्यांच्या ओळी किंवा त्यांचे अनुवाद दिलेले नाहीत. कुणाची दारू, कुणाचे घटस्फोट, कुणाचे वकील यांचा उल्लेख संगीतावर परिणाम झाला तेवढ्यापुरता. काही अल्बमना अन्यायानं कमी पानं मिळाली आहेत. श्रोडरच्या चित्रपटासाठी केलेल्या ‘मोर’वर तीन पानं आहेत आणि ती मला पुरेशी वाटतात. उलट ‘ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स’ या दुर्लक्षित अल्बमवर मोठं प्रकरण आहे. फ्रान्समधल्या एका जुन्या वाड्यात घाईघाईनं केलेल्या या चित्रपट-संगीतात पुढच्या ‘डार्क साइड’चे बरेच सांधे आधीच दिसतात. जिथे अल्बमच्या एकाहून जास्त आवृत्त्या आहेत तिथे मी मूळ एलपीची प्रत धरली आहे. अपवाद १९८७ च्या अल्बमचा, ज्याच्या दोन्ही आवृत्त्यांवर स्वतंत्र लिहिलं आहे.

नवख्या वाचकाला एक सूचना. वाचायच्या आधी काहीतरी ऐकायचं असेल तर ‘डार्क साइड’पासून सुरुवात करू नये. तो इतका कानावर पडलेला असतो की जाहिराती आणि दुकानांतली पार्श्वभूमी मधे येते. ‘मेडल’ची दुसरी बाजू लावावी, मग ‘विश यू वेअर हिअर’ सलग, मग ‘पायपर’. ‘द वॉल’ला मोकळी संध्याकाळ लागते आणि घरात शाळकरी मूल असेल तर आवाज जरा कमी ठेवावा, त्यातलं समूहगान लंडनच्या इझलिंग्टन ग्रीन शाळेतल्या मुलांनी गायलेलं आहे आणि ते पोरांच्या तोंडी फार पटकन बसतं. ‘द डिव्हिजन बेल’मध्ये राइटनं बऱ्याच वर्षांनी मुख्य गायक म्हणून एक गाणं गायलं आहे, ते मात्र शेवटासाठी राखून ठेवावं.